सहा इंची पाइप आणि मी

मी उन्मेष सबनीस. एका मोबाइल कंपनीत नेटवर्क प्लॅनिंगचा मॅनेजर आहे. शहरातल्या कुठल्या रस्त्याखालून किती केबल जायला हवी, ते मी ठरवतो. ठरवतो म्हणजे लॅपटॉपवर नकाशा उघडतो, त्यावर निळी रेघ ओढतो आणि मीटिंगमध्ये ती रेघ चारजणांना दाखवतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशा कितीतरी रेघा मी ओढल्या. खरी केबल मात्र कधी हातात धरली नव्हती. ती वेळ गेल्या वर्षी आली, तीही ऑफिसात नाही, भोईवाड्यात आमच्याच सोसायटीच्या अंगणात.

आमच्या सोसायटीत दोन इमारती आहेत. पूर्वी तिथे चाळी होत्या. बिल्डरने त्या पाडल्या, चाळकऱ्यांसाठी एक इमारत बांधली आणि उरलेल्या जागेत विकायला एक टॉवर उभा केला. दोन्ही एकाच वर्षी पूर्ण झाल्या, तरी टॉवरमधले लोक चाळकऱ्यांच्या इमारतीला 'जुनी बिल्डिंग' म्हणतात. माझी बायको सलोनी त्या चाळीत जन्मली. तिचे वडील गिरणीत होते. ते गेले, आणि आता सासूबाई, म्हणजे बकुळाबाई, जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांच्याजवळ असावं म्हणून आम्ही कर्ज काढून टॉवरमध्ये घर घेतलं. मी मूळचा गिरगावचा. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. हातोडीसुद्धा शेजाऱ्यांची आणायचो, आणि माझे वडील ती कशी धरतात ते बघवत नसल्यामुळे खिळाही शेजारीच ठोकून द्यायचे.

दोन्ही इमारतींना गेट एकच आणि इंटरकॉमही एकच. त्याचा मुख्य डबा टॉवरच्या तळमजल्यावर. तिथून केबल अंगणाखालच्या पाइपातून जुन्या बिल्डिंगला जायची. ह्या इंटरकॉमवरून माझं आणि सासूबाईंचं नातं चालायचं. त्या घंटी वाजवायच्या, मी 'हो आई' म्हणायचो आणि चपला घालून निघायचो. कधी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नसायचं, कधी टीव्हीचा आवाज गेलेला असायचा, कधी माळ्यावरून परात काढायची असायची. माझ्याशी त्या जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायच्या. "उन्मेषराव, आपणास सवड असल्यास जरा यावे." घरी बहिणीशी, शेजारणींशी अस्सल मालवणीत बोलणारी बाई माझ्यासमोर आली की आकाशवाणी व्हायची. मीही तेवढ्याच अदबीने झाकण उघडून परत यायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्यात झाकणापलीकडे संभाषण गेलं नव्हतं.

मग एक दिवस जुन्या बिल्डिंगचा इंटरकॉम बंद पडला. खरं सांगतो, पहिला आठवडा मला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात सासूबाईंची बहीण कुडाळहून आली. आमच्या गेटचा नियम असा, की वरच्या घरातून इंटरकॉमवर 'सोडा' असं सांगितल्याशिवाय वॉचमन कोणाला आत सोडत नाही. वॉचमन शिवा नियमाचा पक्का. त्याने घंटी वाजवली, ती वाजलीच नाही. मावशींनी मोबाइल लावला, तर सासूबाईंचा मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि त्या बाहेर गॅलरीत बहिणीची वाट बघत उभ्या. गॅलरी अंगणाच्या बाजूला आणि गेट टॉवरच्या पलीकडे. मावशी सोलं, कुळथाचं पीठ आणि दोन फणस घेऊन गेटच्या बाकड्यावर कितीतरी वेळ बसून राहिल्या. शेवटी संध्याकाळी कामावरून येणाऱ्या जयवंतने त्यांना ओळखलं आणि फणस उचलून आणले.

जयवंत घाडीगावकर हा जुन्या बिल्डिंगचा सेक्रेटरी. आवाज मोठा, दंड त्याहून मोठे, सकाळी व्यायामशाळेत जाणारा. त्याने दुसऱ्याच दिवशी दोन्ही इमारतींची मीटिंग बोलावली.

"आमचे पाहुणे काय भीक मागायला येतात काय?" त्याने सुरुवातच तिथून केली. "म्हातारी बाई गेटवर बसते, आणि टॉवरवाल्यांचे पिझ्झे सुटतात आत!"

टॉवरच्या अध्यक्षा मृणालिनी कारखानीस शांत बाई आहेत. शांतपणे नाही म्हणायची त्यांची हातोटी आहे. त्या म्हणाल्या, "जयवंत, इलेक्ट्रिशियन येऊन गेला. केबल कुजली आहे, नवीन टाकावी लागेल. पण पाइप मध्येच कुठेतरी बंद आहे. तो मोकळा करायचा तर अंगण फोडावं लागेल. पेव्हर ब्लॉक आत्ताच बसवलेत. लगेच फोडायचे म्हणजे जरा विचार करायला हवा."

"तुमचा इंटरकॉम चालू हाय म्हणून विचार करताय!"

आवाज चढले. टॉवरवाले एका बाजूला, जुन्या बिल्डिंगवाले दुसऱ्या. मी नेमका मध्ये बसलो होतो, कारण राहायला इकडे आणि सासुरवाडी तिकडे. मी मोबाइलमध्ये डोकं घालून काहीतरी महत्त्वाचं वाचत असल्यासारखं करत होतो. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला.

"आमचे जावई ह्याच खात्यात आहेत. जमिनीखालच्या केबलचे सगळे तेच बघतात. मोठे साहेब आहेत."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. त्या वेळी मी उठून 'मी फक्त रेघा ओढतो' असं म्हणायला हवं होतं. पण पन्नाससाठ माणसं आशेने बघत असतात तेव्हा आपण नक्की कोण आहोत ह्याचा माणसाला थोडा विसर पडतो. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "डक्ट ब्लॉक होणं ही अगदी कॉमन गोष्ट आहे. अंगण फोडायची काही गरज नाही. ह्या शनिवार-रविवारी मी मोकळा करून देतो."

टाळ्या पडल्या. जयवंतने माझ्या पाठीवर थाप मारली, तिच्यामुळे मी पुन्हा खाली बसलो. सलोनीने कानात विचारलं, "तुला येतं हे?"

"त्यात यायचंय काय? एका टोकातून घालायचं, दुसऱ्या टोकातून काढायचं."

"मागे सिंकचा पाइप काढला होतास, तेव्हाही हेच म्हणाला होतास."



शुक्रवारी रात्री मी व्हिडिओ बघितले. शनिवारी सकाळी लोहार चाळीच्या बाजारात जाऊन इलेक्ट्रिशियन लोक पाइपातून वायर ओढायला वापरतात ती लांब पोलादी स्प्रिंग आणली. सोबत रबरी गमबूट, हेल्मेट आणि त्यावर लावायचा दिवा. दुकानदाराने विचारलं, "साहेब, खाणीत उतरणार काय?" मी हसलो. घरी येऊन हे सगळं अंगावर चढवलं आणि लिफ्टमधून खाली आलो. लिफ्टमध्ये एक गृहस्थ माझ्याकडे बघून चार मजले आधीच उतरले.

पाइपाच्या दोन्ही टोकांना जमिनीत एकेक चौकोनी खड्डा आहे, त्याला चेंबर म्हणतात. एक टॉवरच्या भिंतीशी, दुसरा जुन्या बिल्डिंगच्या जिन्याजवळ. मी टॉवरच्या बाजूने सुरुवात केली. स्प्रिंग सरसर आत गेली आणि अडली. ढोसली, फिरवली, ओढली, पुन्हा ढोसली. मग ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. जोर लावून खेचली तेव्हा अर्धी हातात आली, अर्धी आत राहिली. म्हणजे पाइप आधी जेवढा बंद होता त्याहून आता थोडा जास्त बंद झाला.

मग मी व्हिडिओतली दुसरी युक्ती काढली. एका टोकाला दोऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून सोडायची आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लिनर लावायचा. हवा ओढली जाते, पिशवी दोरा घेऊन पलीकडे येते. व्हिडिओतल्या माणसाची आली होती. माझी पिशवी जागची हलली नाही. व्हॅक्यूम क्लिनरने मात्र पाइपातलं साचलेलं काळं पाणी घोटभर ओढलं, एक उसासा टाकला आणि बंद पडला. तो सलोनीच्या आवडीचा होता. ती त्या दिवशी ट्रेनिंगसाठी पुण्याला गेलेली असल्यामुळे मी तो पुसून होता तसा कपाटात ठेवला.

रविवारी सकाळी पुन्हा खाली उतरलो, ह्या वेळी जुन्या बिल्डिंगच्या बाजूने. तोपर्यंत बातमी पसरली होती. जिन्यावर, गॅलऱ्यांत माणसं जमली होती. कोणी चहाचा कप घेऊन, कोणी दात घासत. जयवंत तर खुर्ची टाकून बसला होता. "साहेब, आज काय काय हाय?" त्याने कार्यक्रमपत्रिका विचारल्यासारखं विचारलं.

मी चेंबरमध्ये उतरलो. गुडघे टेकले, दिवा लावला आणि पाइपात डोकावलो. पाइप सहा इंची, तळाला चिखल. त्या चिखलातून माझ्याच तुटलेल्या स्प्रिंगचं वेटोळं चमकत होतं. शनिवारी पलीकडून ढोसता ढोसता ती इकडे कशी पोचली असेल ह्याचा मला काही बोध होईना, पण मी खूश झालो. स्प्रिंग इथवर आली म्हणजे पाइप मोकळा आहे, नुसता चिखल काढायचा! जयवंतला तसं ओरडून सांगितलंही. (ती माझी स्प्रिंग नव्हतीच. आधी आलेला इलेक्ट्रिशियन आपली तोडून गेला होता. हे सगळं नंतर कळलं.)

मी उजवा हात कोपराच्या वरपर्यंत आत घातला, वेटोळं पकडलं आणि खेचलं. ते सटकलं. हात बाहेर काढायला गेलो तर येईना.

माझ्या मनगटावर स्मार्टवॉच होतं. ते काढून ठेवावं असं मला सुचलं नव्हतं, कारण त्यात मी 'वर्कआउट' चालू केला होता. स्प्रिंगचं टोक घड्याळाच्या पट्ट्यात घुसलं होतं आणि उरलेली स्प्रिंग आत कुठेतरी घट्ट रुतली होती. मी हलकेच ओढून बघितलं. मग जोरात. मग इतक्या जोरात की तोल जाऊन हेल्मेटसकट डोकं चेंबरच्या भिंतीवर आपटलं. हेल्मेटचा त्या दोन दिवसांत झालेला हा एकमेव उपयोग.

"साहेब?" जयवंत वरून म्हणाला.

"काही नाही. जरा अंदाज घेतोय."

थोडा वेळ अंदाज घेतला. मग खिशातला मोबाइल वाजायला लागला. डावा हात भिंत आणि अंग ह्यांच्यामध्ये दबलेला, उजवा पाइपात. शेवटी जयवंतने वाकून माझ्या खिशातून फोन काढला आणि स्पीकरवर लावला. सलोनी होती, पुण्याहून.

"उन्मेष! अरे कुठे आहेस तू? मला मेसेज आला, तू कुठेतरी जोरात पडला आहेस आणि हलत नाहीयेस म्हणून!"

घड्याळाने माझ्या परवानगीशिवाय तिला कळवलं होतं.

"पडलो वगैरे नाही गं. काम चाललंय."

"मग हलत का नाहीस?"

ह्याचं उत्तर मी शोधत असताना जयवंत म्हणाला, "वैनी, साहेबांचा हात अडकलाय पाइपात. टेन्शन नका घेऊ, आपण आहोत." आणि त्याने वर बघून हाळी दिली, "अरे, कोणीतरी फायर ब्रिगेडला फोन लावा रे!"

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. कोणी खोबरेल तेल आणलं, कोणी भांड्यांचा साबण. हात अडकला नव्हता, घड्याळ अडकलं होतं, हे मी सांगत होतो, पण तोवर माझ्या सांगण्याला फारशी किंमत उरली नव्हती. जयवंतने आपला हात पाइपात घालून बघितला. दंडामुळे तो माझ्या हाताशेजारी मावेना. टॉवरच्या बाजूने मृणालिनीबाईही आल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "दुखतंय का?" मी म्हणालो, "नाही, मान अवघडलीय फक्त." त्यांच्यामागे टॉवरमधली दोनतीन मुलं मोबाइल उंच धरून शूटिंग करत होती. मला चेहरा लपवायचा होता, पण डोक्यावरच्या दिव्यामुळे मी त्या खड्ड्यात मूर्तीसारखा उजळून निघालो होतो.

मग गर्दीतून आवाज आला, "सगळी जरा बाजूक व्हा."

सासूबाई होत्या. आपल्या घरच्या साडीचा पदर खोचून त्या काठावर आल्या, खाली वाकून माझ्याकडे बघितलं, आणि जयवंतच्या खांद्याचा आधार घेऊन चक्क चेंबरमध्ये उतरल्या. मी "आई, तुम्ही नका, घाण आहे" असं म्हणेपर्यंत त्या माझ्याशेजारी पाय मुडपून बसल्याही. त्या खड्ड्यात दीड माणसाची जागा. आमचे खांदे एकमेकांना टेकले. जावई म्हणून मी त्यांच्या पाया पडलो असेन तेवढाच, एरवी आमच्यात कायम एका टीपॉयचं अंतर असायचं.

"हात दुखता?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. घड्याळाचा पट्टा अडकलाय. फायर ब्रिगेड येईल, ते कापतील."

"काय कापतीत?"

"पट्टा," मी म्हणालो. पण मलाही तशी खात्री नव्हती.

त्यांनी हातातल्या दोन्ही पाटल्या काढल्या, वर जयवंतच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "मी बघतंय. माझो हात बारीक आसा." मग आपला हात माझ्या हाताशेजारून पाइपात सरकवला. चिखलात त्यांची बोटं चाचपडत माझ्या मनगटापाशी आली.

"आई, एक छोटं बक्कल आहे, ते…"

"तुमी गप रवा. बोलल्यार माका कळना नाय."

वरही सगळे गप्प झाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पट्टा ओला, बुळबुळीत, स्प्रिंगने पिळलेला, सहज सुटणारा नव्हता. त्यांची बोटं निसटत होती, पुन्हा येत होती. बराच वेळ तसंच चाललं. वरच्यांना कंटाळा आला, ते आपसात बोलायला लागले. कोणीतरी गाडी अजून का आली नाही म्हणून पुन्हा फोन लावला. आणि तेव्हा, डोळे मिटलेलेच ठेवून, सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्यामुळा झाला ह्या सगळा."

"छे, तुमच्यामुळे कसं?"

"मीच म्हटलंय ना मीटिंगात, जावई मोठे सायब म्हणून. तुमका ह्यातला कायएक येना नाय, ता माका ठाऊक होता."

"ठाऊक होतं?"

"सिंकाचा सलोनीन सांगितलेला."

मला हसू आलं. त्या खड्ड्यात, मान वाकडी, हात चिखलात, आणि मला हसू आवरेना. "मग कशाला म्हणालात?"

पाइपात त्यांची बोटं चालूच होती.

"इंटरकॉम बंद पडलो. आता तुमी कशाक येतलास?"

मला आधी कळलंच नाही. "अहो, झाकण उघडायचं असलं तर मोबाइलवर सांगा ना."

"झाकणां माझ्यानच उघडतत," त्या म्हणाल्या. "हातात आजून जोर आसा. पण कायतरी निमित्त व्हया ना. सलोनीक फोन केलंय तर ती वराडता, आई मीटिंगमध्ये आहे, आई नंतर. तुमी 'हो आई' म्हणतास आणि येतास. धा मिनटां माणूस घरात बसता. बरा वाटता."

मी इतकी वर्षं ज्याला कामं समजत होतो, ते त्यांच्या लेखी माझं येणं-जाणं होतं. बरण्यांची झाकणं उघडून मी किती लगबगीने परत निघायचो ते मला आठवलं. टीव्ही बघायचा असायचा, दुसरं काही नाही.

"आई, त्या परातीचं…"

"तीपण मीच वर ठेवतंय," त्या म्हणाल्या, आणि एकदम ओरडल्या, "गावला! हलू नकात! कोळंबीचो काळो दोरो काढतत ना, तसाच आसा ह्या…"

मनगटावरची पकड एकदम सैल पडली. हात मागे आला, आणि मागोमाग त्यांचाही. माझं घड्याळ आतच राहिलं. वर टाळ्या, शिट्ट्या. जयवंतने आधी त्यांना आणि मग मला काखेत हात घालून वर काढलं. सासूबाईंनी चिखलाचा हात पुढे करून आधी पाटल्या मागितल्या.

"पण फायर ब्रिगेड कुठाय?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

फायर ब्रिगेड गेटवर होती. कधीची. शिवाला अंगणात काय चाललंय ते ठाऊक नव्हतं आणि तो नियमाचा पक्का. जयवंत धावत गेला तेव्हा गाडीतले अधिकारी आणि शिवा ह्यांची बोलाचाली रंगात आली होती.

"किस के यहाँ जाना है?" शिवा विचारत होता.

"अरे, चेंबरमध्ये माणूस अडकलाय!"

"ठीक है, लेकिन फ्लॅट नंबर? ऊपर से बोलना पडेगा." त्याने जयवंतच्याच घरी इंटरकॉम लावला होता. तो अर्थातच लागत नव्हता.

अधिकारी आत आले, माझा हात बघितला, चेंबर बघितला, सासूबाईंकडे बघितलं. "कोणी काढलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. आणि का कोण जाणे, पुन्हा आकाशवाणी झाल्या. "आपणांस नाहक त्रास झाला. चहा घेऊन जावे." अधिकाऱ्यांनी तो खरंच घेतला.

खरचटलेल्या हातासाठी इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात गेलो, तेव्हा सासूबाई बरोबर आल्या. रांगेत बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी हकीकत सांगितली. पहिल्या बाईला सांगताना माझा हात कोपरापर्यंत आत होता. डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचलो तोवर खांदा आत गेला होता आणि पाणी चढत होतं. मी दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. मला तेव्हा समजलं की सलोनीला गोष्टी फुगवून सांगायची सवय कुठून आली.

सलोनी संध्याकाळी पुण्याहून परतली. व्हिडिओ तिच्या आधी पोचला होता, तिच्या ट्रेनिंगच्या ग्रुपवरसुद्धा. ती माझ्यावर चिडायच्या तयारीतच आली होती, पण घरात शिरली तर मी आणि सासूबाई जेवायला बसलेलो. त्या मला मालवणीत काहीतरी सांगत होत्या आणि मी दुसऱ्यांदा भात घेत होतो. तिने दारातच पर्स ठेवली. "आई, तू ह्याच्याशी असं बोलतेस?" मग काहीतरी आठवून तिने कपाट उघडलं, व्हॅक्यूम क्लिनर बघितला, आणि तिला चिडायला निमित्त मिळालं.

मृणालिनीबाईंनी दुसऱ्याच दिवशी अंगण फोडायला परवानगी दिली. मला वाटतं, सोसायटीत पुन्हा फायर ब्रिगेड यायला नको एवढाच त्यांचा हेतू असावा. मजूर आले, पेव्हर ब्लॉक उचलले, मधोमध खणायला लागले. दोन्ही इमारतींतली माणसं पुन्हा गोळा झाली. मी गॅलरीत उभा राहून लांबूनच बघत होतो. थोडं खणल्यावर कुदळी थांबल्या. मग जयवंतने मान वर करून हाक मारली, "साहेब, खाली या. हे बघाच."

मी उतरलो. टॉवरकडून आलेला पाइप अंगणाच्या मध्यावर येऊन संपला होता. जुन्या बिल्डिंगकडून आलेला पाइपही तिथेच, थोडा डावीकडे, येऊन संपला होता. दोघांच्या मध्ये पुरुषभर लांबीची नुसती माती. बिल्डरच्या माणसांनी दोन्ही बाजूंनी पाइप टाकत आणले, ते एका रेषेत आले नाहीत, तेव्हा मधली केबल तशीच मातीत पुरून वर लाद्या बसवल्या. इतकी वर्षं ती चालली हेच आश्चर्य. शेवटी कुजली.

म्हणजे पाइप बंद नव्हता. पाइप नव्हताच. मी दोन दिवस जे मोकळं करत होतो, ती मुळात भोईवाड्याची माती होती.

माझ्या शनिवारच्या स्प्रिंगचं तुटकं टोक टॉवरकडच्या पाइपाच्या तोंडातून मातीत घुसलेलं दिसत होतं. मृणालिनीबाई त्या दोन तोंडांकडे बघत होत्या. त्या जयवंतला म्हणाल्या, "हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं."

"आम्हाला तरी कोणी सांगितलं?" जयवंत म्हणाला. पण त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली होता.

त्या आठवड्यात नवीन पाइप पडला, सरळ, एका तोंडापासून दुसऱ्यापर्यंत. केबल ओढायला माणूस आला. दुपारी चहाच्या वेळेपर्यंत जुन्या बिल्डिंगमध्ये घंट्या वाजायला लागल्या. बिल्डरला जाब विचारायला दोन्ही इमारतींची मिळून एक समिती झाली. मृणालिनीबाईंनी सासूबाईंचं नाव सुचवलं, जयवंतने अनुमोदन दिलं. पहिल्या बैठकीत सासूबाई बिल्डरच्या माणसाशी आधी आकाशवाणीत बोलल्या, त्याने टाळाटाळ केल्यावर मालवणीत. काम लगेच झालं म्हणतात. मी तिथे नव्हतो. त्या समितीत मला घ्यावं असं कोणीच सुचवलं नाही.

ऑफिसात मात्र उलटं झालं. हाताला पट्टी बघून साहेबांनी विचारलं, आणि मी म्हणालो, "डक्ट होता. आत हात घालावा लागला." एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं. साहेब खुर्चीत सरसावून बसले. आमच्याकडे प्रत्यक्ष जागेवर उतरणारा मॅनेजर त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली. आता मी माझगावला रस्त्याच्या कडेला हेल्मेट घालून उभा असतो आणि कंपनीची केबल जाताना बघतो. डबा सासूबाई देतात, बहुतेक दिवशी मासे. खणणारे लोक मधूनच थांबतात, पाइपात वाकून बघतात आणि मग माझ्याकडे बघतात, कारण त्यांना कोणीतरी सांगितलंय की ह्या साहेबांना दांडगा अनुभव आहे. मी गंभीरपणे मान हलवतो आणि म्हणतो, "आधी मध्ये खणून बघा."